पाच गावांच्या मधली जागा : पाचगणीचा इतिहास, पाऊस आणि मातीच्या बाजूनं

मागच्या आठवड्यात मातृरोपांच्या वाफ्यांबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच विचारलं. स्ट्रॉबेरी वरची, महाबळेश्वर-पाचगणीची, मग तिची रोपं खाली वाईच्या बाजूला का करता? दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर आणि पाचगणी हे गाव तिथं का वसलं याचं उत्तर, दोन्ही एकच आहे. म्हणून आज जरा लांबण लावतो. सावकाश वाचा, पावसाळ्यात तसंही दुपारी काम कमी असतं.

आधी पावसाचं बघू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथं सतराशे-अठराशेच्या आसपास. पसरणीचा घाट उतरून आणखी बारा-तेरा किलोमीटरवर वाई, तिथं सातशे-आठशे. म्हणजे एसटीत बसून तासाभराच्या प्रवासात आपण कोकणासारख्या पावसातून जवळजवळ दुष्काळी पट्ट्याच्या उंबऱ्यावर येतो. जगात अशा जागा आहेत, पण सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येण्याच्या अंतरात एवढा फरक फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतो.

कारण साधं आहे. समुद्रावरून आलेला वारा कोकणातून सरकत येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो. भिंत तेराशे-चौदाशे मीटरची. वारा वर चढतो, थंड होतो, आणि पोटातलं पाणी तिथंच माथ्यावर टाकतो. माथा ओलांडून पुढं आलेला वारा रिकामा होत जातो, खाली उतरताना तापतो, आणि ढग विरतात. महाबळेश्वर त्या माथ्यावर आहे. पाचगणी उंचीला जवळपास तेवढीच, तेराशे मीटरच्या आसपास, पण माथ्याच्या मागं. गारवा दोन्हीकडं, पण पाऊस एक तृतीयांश. पाचगणीची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. बाकीचं सगळं, बंगले, शाळा, दवाखाने, स्ट्रॉबेरी, त्यातून निघालेलं.

आता भूगोल. वाईतून वर बघितलं की डोक्यावर कापून ठेवल्यासारखा सपाट कडा दिसतो. उत्तरेला कृष्णेचं खोरं, त्यात आता धोमचं पाणी पसरलेलं, पलीकडं पांडवगड, आत कमळगड. दक्षिणेला उतरलं की कुडाळी नदीचं खोरं, म्हणजे जावळी तालुका. या दोन खोऱ्यांच्या मधली जी डोंगराची लांब सोंड महाबळेश्वरकडून पूर्वेला येते, तिच्यावर पाचगणी. आणि गावाच्या उशाला टेबललँड, ज्वालामुखीच्या खडकावर जांभ्याची टोपी घातलेलं पठार. आशियातलं दुसऱ्या नंबरचं पठार असं प्रत्येक घोडेवाला सांगतो. पहिलं कुठलं आणि मोजलं कुणी, या भानगडीत मी पडत नाही. शेतकऱ्याला त्या पठाराचं काम वेगळं आहे, ते पुढं सांगतो.

पाचगणी "शोधली" १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं, असं सगळीकडं छापलेलं असतं. शोधली हा शब्द मला पटत नाही. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट ही पाच गावं तिथं होतीच. त्यांची गुरं त्या सड्यावर चरत होती, उतारावर नाचणी-वरी होत होती. जवळच राजपुरीला डोंगरात कोरलेल्या गुहा आहेत, कार्तिकस्वामीचं ठाणं आहे. म्हणजे माणसाचा वावर जुना. चेसननं काय केलं, तर रुस्तुमजी दुबाश नावाच्या पारशी गृहस्थाबरोबर या भागातले डोंगर फिरून बघितले आणि या पाच गावांच्या मधली मोकळी जागा वस्तीसाठी निवडली. नाव त्या पाच गावांवरनं पडलं असं म्हणतात. पाच टेकड्यांवरनं पडलं असंही काही जण सांगतात. मी पहिल्या बाजूचा, कारण मला टेकड्यांपेक्षा माणसं मोजायला आवडतात.

पण चेसनला ही जागा हवी का होती, हे समजायला चाळीस वर्षं मागं आणि वीस किलोमीटर पश्चिमेला जावं लागतं.

महाबळेश्वर म्हणजे मूळचं क्षेत्र. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं उगमस्थान मानलेलं पंचगंगेचं देऊळ. सावित्री पश्चिमेला उडी मारून कोकणात जाते, कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेला. खाली जावळीचं खोरं, चंद्रराव मोऱ्यांचं. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधून घेतला, आणि १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याला अफझलखानाचा निकाल लागला. हे सगळ्यांना पाठ आहे, त्यात मी शिरत नाही. एवढंच लक्षात घ्या, की या डोंगराची किंमत त्या काळात वाट अडवण्यासाठी होती. थंड हवेसाठी कुणी वर जात नव्हतं.

थंड हवेची किंमत इंग्रजांनी लावली. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा अधिकारी वर चढून गेला. त्याच्या नावाचा पॉइंट अजून आहे. मग मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम आला आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून ही जागा घेतली. बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना दिलं. नवीन वसाहतीला माल्कमपेठ म्हणू लागले. पुढं १८४२ मध्ये अप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तलाव बांधला. आज त्यावर बोटी फिरतात, पण तलाव मुळात पाण्यासाठी आहे.

या माल्कमपेठेत शेतीच्या दृष्टीनं एक मोठी गोष्ट घडली, तिचा फलक कुठल्याही पॉइंटवर नाही. १८३० च्या दशकात सिंगापूर-पिनांगकडच्या इंग्रज वसाहतींतनं शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी इथं आणून ठेवले. रस्ते त्यांच्याकडून करून घेतले. तुरुंगाच्या बाजूला आणि ओढ्याकाठी त्यांनी मळे केले, बटाटा आणि विलायती भाज्या लावल्या, त्यांच्या हातच्या टोपल्या आणि वेताचं कामही नावाजलं गेलं. १८६४ च्या सुमारास तो तुरुंग मोडला. सुटलेल्यांतले काही इथंच राहून मळे करत राहिले. आज महाबळेश्वरच्या गाजराला, लाल मुळ्याला, फरसबीला जो भाव मिळतो, त्या भाजीपाल्याच्या धंद्याची पहिली कुदळ बेड्या घातलेल्या परक्या माणसांनी मारली. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, गव्हर्नरांची मात्र प्रत्येक कड्याला आहेत.

आता अडचण बघा. महाबळेश्वरात जून उजाडला की साहेबाला गाशा गुंडाळावा लागायचा. चार महिने धुकं, भिंतींना बुरशी, घरांना वरून खालपर्यंत गवताचे झाप बांधून ठेवायचे. पावसाळ्यात तिथं राहणं म्हणजे शिक्षाच. ज्यांना बारा महिने थंड हवेत राहायचं होतं, निवृत्त झालेले, आजारी, मायदेशी परत न जाणारे, त्यांना अशी जागा हवी होती की उंची तीच पण पाऊस सोसेल एवढा. चेसननं नेमकी ती पट्टी धरली. माथ्याच्या थोडं मागं. हवामान खात्याच्या नकाशाशिवाय, घोड्यावर फिरून, गावकऱ्यांना विचारून. त्याला इथला सुपरिटेंडंट नेमलं. इंग्रजांचं कौतुक करायचा मला शौक नाही, पण जागा निवडायची ती पाऊस बघून, हे त्या माणसाला कळत होतं. आपल्यातले कितीतरी जण आज रस्ता बघून जमीन घेतात.

चेसननं बाहेरची झाडं आणून लावली. पॉइन्सेटिया मेक्सिकोची, आणि सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा. पाचगणीच्या रस्त्यांवर जे उंच, पानाच्या खालनं रुपेरी दिसणारे झाड आहे ना, ते. ओक त्याचं फक्त नाव, खऱ्या ओकशी त्याचं नातं नाही. कॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात, मिरीचा वेल त्यावर चढवतात, लाकूड प्लायवूडला आणि खोक्यांना जातं.

कृषी शाखेच्या पोरांसाठी इथं एक गोष्ट. जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, त्यामुळं आपण टाकलेला स्फुरद ती माती धरून ठेवते आणि पिकाला देत नाही. डीएपी कितीही ओता, मुळाला मिळतो थोडाच. सिल्व्हर ओकच्या मुळांना बाटली धुवायच्या ब्रशसारखे दाट झुपके येतात. त्या झुपक्यांतून सेंद्रिय आम्लं सुटतात आणि धरून ठेवलेला स्फुरद मोकळा होतो. हे झाड ऑस्ट्रेलियाच्या स्फुरद नसलेल्या मातीत वाढलेलं, त्याला आपली जांभ्याची माती म्हणजे माहेरच. दीडशे वर्षांत ते इथं एवढं का रुजलं, त्याचं एक कारण हे असावं असं माझं मत. पण त्याचा पाला लवकर कुजत नाही, त्याच्याखाली गवत विरळ येतं, आणि आपल्या हिरडा-जांभळासारखं ते पाखरांना आणि माणसाला फळ देत नाही. बांधाला लावायचं असेल तर हिशोब दोन्ही बाजूंनी करा.

जांभा म्हणजे काय, तेही इथंच सांगतो, कारण पुढचं त्यावर आहे. खाली काळा पाषाण, बेसाल्ट. लाखो वर्षं ऊन आणि पाऊस आळीपाळीनं बसला की त्यातली सिलिका आणि क्षार धुऊन जातात. मागं राहतं लोह आणि ॲल्युमिनियम, तेच तांबडं, भोकाभोकांचं दगडी कवच. कासचं पठार याच जातीचं. या जांभ्यातल्या लोहावर इथं एक धंदा होता. धावड लोक दगड गाळून, कोळशाच्या भट्टीत लोखंड काढायचे. कोळशाला जंगल लागायचं. १८७८ च्या कायद्यानं सरकारनं जंगलं राखीव करायला सुरुवात केली आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. त्याच सुमाराला उतारावरची कुमरी, म्हणजे रान तोडून-भाजून दोन-तीन वर्षं नाचणी घ्यायची आणि मग पुढं सरकायचं, तीही आवळली गेली. कुमरीनं माती वाहून जायची हे खरं. पण ती बंद झाल्यावर डोंगरातल्या कोळ्या-धनगरांनी आणि कुळवाड्यांनी खायचं काय, याची सोय कुणी केली नाही. बंगल्यांवर माळी, हमाल, डोलीवाले, घोडेवाले कुठून आले, याचं उत्तर तिथं आहे.

पुढची पन्नास-साठ वर्षं पाचगणी दोन गोष्टींवर वाढली. एक शाळा. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ ची, संजीवन विद्यालय १९२२ चं, न्यू एरा १९४५ ची, अशा एकेक करून उभ्या राहिल्या. फ्रेडी मर्क्युरी हा जगप्रसिद्ध गायक सेंट पीटर्सला शिकला, तेव्हा तो फारुख बलसारा होता. लोकांना त्याचं अप्रूप. मला अप्रूप वेगळ्याच गोष्टीचं आहे. हिल स्टेशनचा पाहुणा दोन महिने खातो. वसतिगृहातली पोरं दहा महिने खातात. रोज दूध, रोज भाजी, रोज अंडी. आजूबाजूच्या खेड्यांतल्या दुधाला आणि फरसबीला सीझन संपल्यावरही गिऱ्हाईक राहिलं ते शाळांमुळं. आणि शाळा इथं टिकल्या, कारण पावसाळ्यात पोरांना ठेवता येतं.

दुसरी गोष्ट क्षय. औषध नव्हतं तेव्हा कोरडी थंड हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं, एवढाच उपाय. १९१२ मध्ये डॉ. रुस्तुम बोमनजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. लांबलांबून रोगी यायचे. १९४४ च्या मे महिन्यात कैदेतून सुटलेले गांधीजीही जुलैमध्ये विश्रांतीला पाचगणीतच आले होते. मग १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलेलं होतं, ते हळूहळू आपल्याकडं पोचलं आणि क्षयावर हवेचा उपाय मागं पडला. डाळिंबवाल्यांना नाव ओळखीचं वाटलं असेल. तेल्यावर आपण जे स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आलो, त्यातलं मुख्य औषध तेच. आणि ते सापडलं कशात, तर शेतातल्या मातीतल्या जिवाणूत. डोंगरावरच्या हवेचा धंदा सपाटीवरच्या मातीनं मोडला, असं म्हटलं तरी चालेल.

आता स्ट्रॉबेरी. इंग्रजांच्या बागांत ती होतीच, पण जुनी जात बारीक फळाची, नाजूक, सायंकाळपर्यंत मऊ पडणारी. खाणारे साहेब आणि पारशी, बाजार तेवढाच. त्यातल्या उरलेल्याचा जॅम. १९५९ मध्ये पाचगणीतच मॅप्रो सुरू झालं, तेव्हापासून फळ नासण्याआधी बाटलीत जायची सोय वाढत गेली. खरी उडी मात्र १९९० नंतरची. परदेशातनं चँडलर, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नंतर विंटर डॉन अशा जातींची मातृरोपं यायला लागली. ठिबक आलं, मल्चिंग पेपर आला, गादीवाफे आले. नाचणीच्या उतारावर पैसा दिसायला लागला. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. देशातली ऐंशी-पंच्याऐंशी टक्के स्ट्रॉबेरी या पट्ट्यातली असं सांगितलं जातं. भिलार, पुस्तकांचं गाव म्हणून २०१७ पासून सगळ्यांना माहीत झालेलं, त्याच्या आधी आणि नंतरही स्ट्रॉबेरीचंच गाव आहे.

ती इथंच का येते? या बहुतेक जाती लहान दिवसाच्या. दिवस आखूड झाला आणि रात्र गार पडली की कळी धरतात. थंडीतला आखूड दिवस सगळ्या महाराष्ट्रालाच मिळतो. पण गार रात्र नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सलग मिळते ती तेराशे मीटरवर. म्हणून लागण सप्टेंबर-ऑक्टोबरात वर, आणि तोडा उन्हाळ्यापर्यंत.

आणि रोपं खाली का, हा तुमचा मूळ प्रश्न. रोपं वाढवायचा काळ जून ते ऑगस्ट. धावते वेल सुटायला ऊब लागते आणि मोठा दिवस लागतो. महाबळेश्वरात त्या वेळी सूर्य दिसत नाही. सतत पानावर पाणी, म्हणजे करपा आणि खोडकूज ठरलेली. स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, वाफा तुंबला की दोन दिवसांत खेळ संपला. वाईकडं पाऊस बेतानं, ऊन बरं. म्हणून माझ्यासारखे खालचे लोक पावसाळ्यात रोपं करतात आणि गणपतीच्या मागंपुढं घाटानं वर पोचवतात. साहेब पावसाला घाबरून महाबळेश्वरातनं पाचगणीला सरकला, रोप त्याच्याही पुढं वाईला उतरलं. नियम तोच.

या गारव्याचा उलटा उपयोगही करतात. महाबळेश्वरात गहू तांबेऱ्याचं संशोधन केंद्र आहे, राहुरी विद्यापीठाचं. तांबेऱ्याला जगायला हिरवा गहू आणि गार हवा लागते. मैदानात उन्हाळ्यात दोन्ही नसतं, त्यामुळं तिथं तो मरतो, डोंगरावर तगतो आणि थंडीत वाऱ्यावर बसून पुन्हा खाली येतो. प्रा. करमचंद मेहतांनी हे आपल्या देशासाठी दाखवून दिलं, दक्षिणेत निलगिरी-पलनीचे डोंगर त्याचे मुक्काम. महाबळेश्वरच्या केंद्रात गव्हाच्या जाती मुद्दाम तांबेऱ्यात उभ्या करून बघतात, कुठली टिकते. आपण बियाण्याच्या पिशवीवर "तांबेरा प्रतिकारक" वाचतो, त्यामागं असली गार, ओली शेतं असतात.

आता पठाराचं काम, जे मघाशी राखून ठेवलं होतं. जांभ्याचं कवच भोकाभोकांचं, पाऊस पडला की पाणी आत मुरतं. त्याच्या खाली, जिथं खडक पुरता कुजलेला आहे, तिथं पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो. त्यातनं पाणी खाली जात नाही. मग ते आडवं सरकत कड्याच्या पोटात येतं आणि झरा म्हणून बाहेर पडतं. या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्या अशाच झऱ्यांच्या रेषेवर बसलेल्या आहेत. नकाशावर वाड्या जोडल्या तर एक वाकडी दोरी पठाराभोवती गुंडाळल्यासारखी दिसते. देऊळ, टाकं आणि वस्ती, तिन्ही त्याच उंचीला. पठार म्हणजे टाकी आणि झरे म्हणजे तिच्या तोट्या. टाकीवर तुम्ही काय करता, ते तोटीला दिसणारच.

१७ जानेवारी २००१ ला केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. बांधकामाला, झाडतोडीला, उताराला हात लावायला बंधनं आली. शेतकऱ्यांत त्याबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्हींत तथ्य आहे. घरामागं गोठा वाढवायला परवानगीसाठी खेपा घालणाऱ्याला तो नियम जाचतो. कड्याच्या काठावर तीन मजली हॉटेल उभं राहिलेलं बघून त्याच माणसाला वाटतं, नियम फक्त आपल्यालाच आहे का.

माझ्या मामांची पाच गावांपैकी एकात पठाराच्या पोटाला दीड एकर आहे. वर गवताळ पडी, खाली स्ट्रॉबेरीचे वाफे, मधे झरा. झऱ्यावर चार घरं आणि मामांचं ठिबक. मागच्या दोन वर्षांत एक एजंट तिसऱ्यांदा येऊन गेला. "मामा, पडीत काय पिकतंय? तेवढीच द्या, खालचं राहू द्या की." रक्कम अशी की ऐकून मामी गप्प बसल्या. मुलगा पुण्यात, त्याचं कर्ज आहे, त्यामुळं मामांना नाही म्हणणं सोपं नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मामा, पडीत काही पिकत नाही हे खरं, पण झऱ्याचं पाणी तुमच्या वाफ्यात नाही, त्या पडीत मुरतं. तिथं फरशी झाली आणि बोअर पडली, तर खालचं तुमच्या नावावर राहील, ओलं राहणार नाही." मामा म्हणाले, "ते मला कळतंय रे. व्याज कुणाला कळतंय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. पण मामांच्या पडीबद्दल दोन गोष्टी ठरल्या आहेत, त्या लिहितो, कारण या पट्ट्यात अशा पडी बऱ्याच जणांच्या आहेत.

पहिली, झरा मोजायचा. दर पंधरा दिवसांनी एकाच बादलीनं, एकाच जागी, बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर बघून वहीत लिहायचं. पावसाळा थांबल्यावर ते मे अखेरपर्यंत. वर काही बांधकाम झालं तर आधीचं आणि नंतरचं दाखवायला कागद पाहिजे. "पूर्वी जास्त होतं" हे कुठल्याच कचेरीत चालत नाही. पाचगणीच्या आसपास ग्रामपरी ही संस्था झऱ्यांना बंदिस्त पेट्या बांधून पाणी राखायचं काम करते. तसली पेटी करायची तरी आधी प्रवाह किती ते माहीत असावं लागतं.

दुसरी, पडीला पडी ठेवून तिच्यातनं काहीतरी उत्पन्न काढायचं. कारवी आहे, रानजांभूळ आहे, पिसा आहे, म्हणजे सातेरीच्या पेट्या ठेवता येतात. महाबळेश्वरात खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथं प्रशिक्षण मिळतं. २०२२ मध्ये मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते याच तालुक्यात. मधानं एजंटाची रक्कम भरून निघणार नाही, हे मामांना मी स्पष्ट सांगितलं. पण मुलाच्या हप्त्याला वर्षातनं दोनदा हातभार लागेल, आणि स्ट्रॉबेरीच्या फुलाला मधमाशी फिरली की फळ वेडंवाकडं कमी होतं, तो फायदा खालच्या वाफ्यात दिसेल.

चार पेट्यांपासून सुरुवात करणार आहोत. एजंटाला दिवाळीनंतर या म्हणून सांगितलंय. बादली मामींच्या ताब्यात आहे, वही माझ्याकडं. रोपांची पहिली गाडी वर गेली की पहिलं माप घेऊ.